हे कोणी बदललं?

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एखादा आकडा चुकीचा दिसला की कुठल्याही कचेरीत सर्वात आधी 'मग बरोबर आकडा काय?' असं कोणी विचारत नाही. 'हे कोणी बदललं?' असं विचारतात. बरोबर आकड्याचा विषय दुसऱ्या दिवशी, चहानंतर निघतो. पहिला दिवस आरोपीच्या शोधात जातो, आणि त्या दिवशी कचेरीत जी एकाग्रता आणि जी एकजूट दिसते ती मार्चअखेरीलाही दिसत नाही.

डेटाबेस बनवणाऱ्यांनी ही गरज फार पूर्वीच ओळखली. प्रत्येक नोंदीच्या शेपटाला चार रकाने जोडायची पद्धत त्यांनी पाडली : नोंद कोणी केली, कधी केली, शेवटचा बदल कोणी केला, कधी केला. बंदोबस्त दिसायला चोख. पण यात सापडतो तो फक्त शेवटचा माणूस. समजा, एकाने सोमवारी सभासदाची जन्मतारीख बिघडवली आणि दुसऱ्याने मंगळवारी त्याच सभासदाचा पिन कोड सुधारला, तर रकान्यात नाव उरतं ते मंगळवारच्या सज्जनाचं. सोमवारचा इसम नामानिराळा. खऱ्या आयुष्यातही नेमकं असंच होतं, त्यामुळे डेटाबेस वास्तववादी नाही असं कोणी म्हणू नये.

यावर तोडगा म्हणजे इतिहासाचा वेगळा तक्ता. मूळ तक्त्यात कोणी काही बदललं रे बदललं की 'ट्रिगर' नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम जागा होतो, जुनी व्हॅल्यू, नवी व्हॅल्यू, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ उचलतो आणि गुपचूप बाजूच्या तक्त्यात ठेवून देतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही, त्याची सुट्टी नसते, आणि तो काही विसरत नाही. पूर्वी प्रत्येक वाड्यात जिन्याजवळच्या खोलीतल्या काकू हे काम विनामूल्य करत असत. पुढे 2011 साली एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेचं प्रमाण सुधारलं, तेव्हा तर 'अमुक तारखेला ही नोंद कशी होती?' असं थेट विचारायची सोयच भाषेत आली. ही सोय संसारात आली तर काय होईल, याचा विचार प्रमाण ठरवणाऱ्या समितीने केला नसावा. किंवा केला असावा, आणि म्हणूनच ती डेटाबेसपुरती ठेवली असावी.

तर, बदल टिपून ठेवणं हा भाग आता सोपा झाला आहे. खरी पंचाईत पुढे होते. टिपलेलं माणसांना दाखवायचं असतं.

माझा भाचा या धंद्यात आहे. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर त्याने केलं. काही वर्षांनी संचालक मंडळाने ठराव केला की सभासदाच्या खात्यात कधी, काय, कोणी बदललं हे एका क्लिकवर दिसलं पाहिजे. ठरावाला सूचक होते, अनुमोदक होते, आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला होता. म्हणजे प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याचं नाव होतं.

भाच्याला आनंद झाला. कारण त्याचा ट्रिगर पहिल्या दिवसापासून चालू होता आणि तक्ता तुडुंब भरला होता. त्याने एक बटण केलं, बटणावर 'इतिहास' असं लिहिलं, आणि चेअरमनसाहेबांच्या हस्ते त्यावर पहिली क्लिक करवली. पडद्यावर उमटलं : एमबीआर_स्टेटस, ओल्ड व्हॅल्यू 3, न्यू व्हॅल्यू 4, मॉड_बाय 17, मॉड_टाइम 04:45.

चेअरमनसाहेबांनी चष्मा लावला. "तीनाचे चार झालेत. म्हणजे वाढलंच की. मग तक्रार कसली आहे?"

"साहेब, 3 म्हणजे नियमित आणि 4 म्हणजे थकबाकीदार."

"आणि हे 17?"

"काउंटरवरच्या मॅडम."

"मॅडम पहाटे पावणेपाचला येतात?"

भाच्याने सांगायचा प्रयत्न केला की सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर चालतं, आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे हे आपले सकाळचे सव्वादहा. पण ग्रीनिचचा आणि पतसंस्थेचा संबंध काय, असं एका संचालकांनी विचारलं, आणि तो प्रश्न अगदीच चुकीचा होता असं मला वाटत नाही. दरम्यान चेअरमनसाहेबांनी रात्रीच्या रखवालदाराला बोलावणं धाडलं. पहाटे पावणेपाचला कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं, असं दरडावून विचारताच तो घाबरून म्हणाला, "साहेब, देवाशपथ माहीत नाही. त्या वेळी मी झोपलेला असतो." ऑडिट ट्रेलने, म्हणजे बदलांच्या या नोंदीने, पकडलेला हा त्या संस्थेतला पहिला गुन्हा, आणि तो डेटाबेसमधला नव्हता.

प्रोग्रॅमर मंडळींचा इथे एक गोड गैरसमज असतो. आपण सगळं जपून ठेवलं म्हणजे आपण सगळं सांगितलं, असं त्यांना वाटतं. रद्दीच्या दुकानातही सगळी वर्तमानपत्रं जपून ठेवलेली असतात, पण म्हणून त्याला ग्रंथालय म्हणत नाहीत. भाच्याने मग रात्र जागून आकड्यांच्या जागी शब्द आणले. 3 च्या जागी 'नियमित', 4 च्या जागी 'थकबाकीदार', 17 च्या जागी मॅडमचं नाव, आणि वेळ भारतीय. पडदा आता वाचता येऊ लागला, आणि त्यामुळे नवी भानगड उभी राहिली.

मॅडमचं मध्यंतरी लग्न झालं. त्यांनी आडनाव बदललं, आणि संस्थेच्या कर्मचारी यादीत ते रीतसर दुरुस्तही झालं. इतिहासाच्या तक्त्यात मात्र नाव नव्हतंच, 17 हा आकडा होता. पडद्यावर नाव येताना ते आजच्या यादीतून येत होतं. म्हणजे लग्नाच्या दोन वर्षं आधी केलेल्या नोंदींवर मॅडम सासरचं आडनाव लावून सह्या करत होत्या. एका संचालकांना हे योगायोगाने दिसलं आणि 'हे दोघांचं आधीपासूनच ठरलं होतं' अशी बातमी संस्थेत पसरली.

हा दोष लहान दिसतो, पण इतिहास दाखवणाऱ्या भल्याभल्या सॉफ्टवेअरमध्ये तो आढळतो. बॉम्बेचं अधिकृत नाव 1995 साली मुंबई झालं. शहरांच्या यादीत तेवढी एक ओळ बदलली की 1982 सालची बदलीची ऑर्डरसुद्धा त्या क्षणापासून 'मुंबई'हून निघालेली दिसू लागते. भूतकाळ जुन्याच नावाने दाखवायचा असेल तर ते नाव त्याच वेळी नोंदीसोबत उतरवून ठेवावं लागतं. तेवढा विचार सुरुवातीला कोणी करत नाही, कारण सुरुवातीला भूतकाळच नसतो.

मॅडमचं तर नुसतं आडनाव बदललं. आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी वाकून वाचायचं, टाळ्या. जुन्या व्हॅल्यूची नोंद कुठेही नाही, कोणाच्या मंजुरीने झालं त्याची सही नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात. पुरावाच खाऊन टाकायचा, इतकी पक्की व्यवस्था मी अजून कुठल्याही सरकारी खात्यात पाहिलेली नाही.

पतसंस्थेत पुढच्या आठवड्यात आणखी एक गूढ उकरलं गेलं. एका सभासदाच्या खात्यावर ओल्ड व्हॅल्यू 'ॲड. पाटील' आणि न्यू व्हॅल्यूही 'ॲड. पाटील'. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. तरी बदलाची नोंद होतीच. चेअरमनसाहेबांनी दोन्ही नावं मोठ्याने वाचून पाहिली, मग सचिवांना वाचायला लावली. यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. डोक्यावर चंद्र असलेला हा 'ॲ' कॉम्प्युटरमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत 'अ' घेऊन त्याला चंद्र जोडतात. दुसरीत 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात, आणि ते युनिकोडमध्ये आलं 2008 साली. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे. शिवाय नावाच्या शेवटी कोणाच्या तरी अंगठ्याने एक मोकळी जागा पडली असेल तर तीही कॉम्प्युटरच्या लेखी बदलच. डोळ्यांना दिसत नाही असा बदल दाखवायचा तरी कसा? भाच्याने बदललेल्या जागेवर पिवळा रंग भरला. आता दोन सारख्याच नावांपैकी एकावर पिवळा ठिपका दिसू लागला, आणि वकीलसाहेबांना आपल्या खात्यावर कोणीतरी हळद टाकल्याची शंका आली.

दुसऱ्या टोकाला सेव्हचं बटण दाबून मनःशांती मिळवणारे लोक असतात. यांना काही बदलायचं नसतं. खातं उघडायचं, बघायचं, आणि बाहेर पडताना सेव्ह दाबायचं. देवळातून निघताना घंटा वाजवतात तसा त्यांचा हात आपोआप जातो. आळशी ट्रिगर असेल तर तो अशा प्रत्येक घंटेची नोंद ठेवतो, आणि मग एका खऱ्या बदलाभोवती चाळीस निरर्थक ओळी जमतात. त्यात महिन्याच्या शेवटी व्याज लावणारा प्रोग्रॅम रात्री एका दमात सगळ्याच खात्यांना हात लावून जातो, त्या हजारो ओळी निराळ्या. त्यांच्यापुढे 'बदलणारा : सिस्टिम' असं लिहिलेलं असतं. हा सिस्टिम फार गुणी कर्मचारी. रात्री काम करतो, भत्ता मागत नाही, आणि कुठलाही आळ हसत अंगावर घेतो. 'मी नाही केलं, सिस्टिमने केलं' हे वाक्य ज्या दिवशी रूढ झालं त्या दिवसापासून कित्येक कचेऱ्यांतली चौकशी समित्यांची गरजच संपली.

सिस्टिमचा थोरला भाऊ म्हणजे ॲडमिन. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येतं, देतातही. पण ते लॉगिन ऐन गर्दीत पासवर्ड विचारतं, ॲडमिनचा पासवर्ड मात्र मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला असतो. मग शिपाई, कॅशियर, सचिव आणि सुट्टीत आलेला सचिवांचा पुतण्या, सगळे दिवसभर ॲडमिन. असा इतिहास उघडला तर आरंभापासून अंतापर्यंत एकच कर्ता दिसतो, तोच निर्माण करतो, तोच बदलतो, तोच नष्ट करतो. अद्वैत सिद्धान्त समजायला एरवी ग्रंथ वाचावे लागतात.

सरकारलाही हे सगळं कळलेलं आहे. कंपन्यांसाठी नियम आला की हिशेबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवली पाहिजे आणि ही नोंदणी कोणाला बंद करता येता कामा नये. नियम मार्च 2021 मध्ये निघाला आणि लागू व्हायचा होता 1 एप्रिल 2021 पासून. मग ती तारीख बदलून 1 एप्रिल 2022 झाली. मग तीही बदलून 1 एप्रिल 2023. बदलांचा माग ठेवा असं सांगणाऱ्या नियमाची तारीख दोनदा बदलली, आणि दोन्ही बदल राजपत्रात नोंदलेले आहेत, म्हणजे सरकारने नियम आधी स्वतःला लावून घेतला असं म्हणता येईल. आता लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं की ही सोय वर्षभर चालू होती का आणि तिच्याशी कोणी छेडछाड केली का. छेडछाडीच्या नोंदीशी छेडछाड झाली का हे तपासणारा माणूस आला. त्याला तपासणारा अजून यायचा आहे.

प्रोग्रॅमर लोक स्वतःच्या कामाचाही असाच माग ठेवतात, हे मला भाच्यामुळे कळलं. प्रोग्रॅमची कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडचं नावच 'ब्लेम'. सबव्हर्जन नावाच्या एका जुन्या साधनात ह्याच कमांडला 'प्रेज' असंही एक दुसरं नाव आहे. ब्लेम टाइप करा की प्रेज, उत्तर तेच येतं. तीच ओळ, तोच माणूस. मी भाच्याला विचारलं, तुम्ही दोहोंपैकी कुठलं वापरता? तो म्हणाला, "मामा, दुसरं आहे हे मला आत्ता तुमच्याकडूनच कळतंय."

घरगुती पातळीवर व्हॉट्सॲपने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे, म्हणजे वाढवला आहे. 2017 पासून पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो, पण पुसल्याची पाटी मागे राहते. काय होतं ते कळत नाही, काहीतरी होतं एवढं कळतं. कुटुंबाच्या ग्रुपवर आत्याने टाकलेला आणि अर्ध्या मिनिटात पुसलेला मेसेज हा मूळ मेसेजपेक्षा कितीतरी पटींनी जास्त वाचला जातो. 2023 पासून पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्तीही करता येते. तिथे दुरुस्त केल्याची खूण दिसते, आधीचा मजकूर नाही. बदल झाला हे सांगायचं आणि काय बदललं ते सांगायचं नाही, ही अर्धवट माहिती देण्याची पद्धत मला तरी कुटुंबव्यवस्थेला घातक वाटते. एक तर पूर्ण सांगा, नाहीतर मुळीच सांगू नका.

या बाबतीत हाउसिंग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जास्त सरळ. पुढच्या बाजूला पहिल्या मालकाचं नाव. पाठीमागे तक्ता : हस्तांतराची तारीख, कोणाच्या नावावर गेलं, अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. फ्लॅट कितीही वेळा विकला गेला तरी पुढचं नाव तसंच राहतं आणि पाठ भरत जाते. कागद उलटला की इतिहास. बटण नाही, ग्रीनिच नाही.

हे सगळं मी एकदा आमच्या शेजारच्या नानांना सांगत होतो. नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. भाचाही बसला होता. त्याने लॅपटॉप उघडून आपला सुधारलेला इतिहास दाखवला : काय बदललं, आधी काय होतं, कोणी केलं, केव्हा केलं. पिवळा रंगसुद्धा दाखवला. नानांनी मान खाली-वर करून सगळं वाचलं आणि म्हणाले, "छान आहे. सहा नंबरच आहे की हा."

भाच्याला कळलं नाही. गावाच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. त्यातला सात आणि बारा मिळून झालेला सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण त्याच्या मागे उभा असतो तो सहा नंबर, फेरफार नोंदवही. सातबारा म्हणजे आजची स्थिती. ती तशी का आणि कधी झाली ते सहामध्ये. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाशेजारी एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्या आकड्याचा माग धरून मागे मागे गेलं की आजोबा सापडतात, पणजोबा सापडतात, आणि पणजोबांनी कोणाला न सांगता विकलेला बांधालगतचा तुकडाही सापडतो. गावाकडे स्वतःची जन्मतारीख धड न सांगता येणारी माणसं तीन पिढ्यांचे फेरफार क्रमांक धडाधड म्हणून दाखवतात. भाच्याच्या भाषेत सांगायचं तर हा एक तक्ता, त्याचा इतिहास तक्ता आणि दोहोंना जोडणारा दुवा. फक्त तो पूर्वी शाईने लिहिलेला आणि रुमालात बांधलेला असे.

"आणि पुसणं नाही," नाना म्हणाले. "माणूस गेला की आम्ही त्याचं नाव खोडत नव्हतो. कंस करायचो. कंसात गेला म्हणजे हक्क गेला, पण नाव वाचता येतं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा फिटला, कंस. 2020 साली उताऱ्याचा नमुना बदलला, आता कंसाऐवजी वरून आडवी रेघ मारतात. वाचता येतं ते आताही. आणि शेवटचा फेरफार कुठला, कुठल्या तारखेचा, तेही उताऱ्यावरच छापतात. तुझ्यासारखं वेगळं बटण दाबायला नको."

भाच्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. कंस आणि आडवी रेघ या दोन कल्पना परदेशी डिझाइनर लोकांनी शोधल्या असत्या तर त्यावर परिषदा भरल्या असत्या, असं माझं मत आहे.

नानांची कळी खुलली होती. त्यांनी पेन्सिलीची गोष्ट सांगितली. तलाठी भाऊसाहेब नोंद धरायचे, पण ती लगेच पक्की होत नसे. उताऱ्यावर ती पेन्सिलीने यायची. चावडीवर नोटीस लागायची, ज्यांचा संबंध आहे त्यांना कळवायचं, हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्तच्या नोंदवहीत, तिला सहा-अ म्हणतात. नाही आली तर सर्कल ऑफिसरने प्रमाणित करायचं, आणि मग पेन्सिलीवर शाई. आता पेन्सिलीचं काम कॉम्प्युटर करतो, नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही दिसते. पण बदल व्हायच्या आधी तो जगाला दाखवायचा, ही रीत तीच.

"तुझ्याकडे काय आहे?" नानांनी विचारलं. "बदल झाल्यावर दाखवतोस. मग भांडणाखेरीज हातात काय उरतं?"

"नाना, तिथे दिवसाला शंभर बदल होतात. प्रत्येकाला पंधरा दिवस थांबलो तर..."

"ते राहू दे. मला एक सांग, याच्यात कारण कुठाय?"

"कसलं कारण?"

"बदलाचं! काय, कोणी, कधी, सगळं आहे. का, ते कुठे लिहिलंय? आमच्या सहा नंबरचा दुसरा रकाना बघ. सगळ्यात रुंद रकाना तो. खातेदार अमुक तारखेला मयत, मागे वारस अमुक अमुक, बहिणीने हक्कसोड दिली, खरेदीखत अमुक नंबरचं, वर्दी कोणी दिली. पान पान भरायचं एकेका नोंदीला. वाचणाऱ्याला विचारायला यावंच लागत नव्हतं."

"येत नव्हते लोक?" मी विचारलं.

"यायचे. पण वाचून यायचे. भांडण नेमकं व्हायचं."

भाचा गप्प झाला. नाना म्हणत होते त्यात तथ्य होतं. त्याच्या पडद्यावर 'नियमित'चं 'थकबाकीदार' झालेलं दिसत होतं, मॅडमचं नाव दिसत होतं, सेकंदापर्यंत वेळ दिसत होती. हप्ता चुकला म्हणून झालं, बोट चुकून पडलं म्हणून झालं की निवडणुकीत विरोधी पॅनेलला मत दिलं म्हणून झालं, हे त्यातून कोणालाही सांगता आलं नसतं. विकिपीडियावर निदान बदल करणाऱ्याला कारण लिहायला एक छोटी चौकट देतात. तीही मोकळी सोडता येते म्हणा.

पुढच्या आठवड्यात पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये 'बदलाचे कारण' ही चौकट आली. भरल्याशिवाय सेव्ह होणार नाही, अशी सक्तीसुद्धा आली. पहिल्या दिवशी लोकांनी कारणं लिहिली. दुसऱ्या दिवशी 'बदल करायचा होता म्हणून' असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी नुसतं 'बदल'. मग 'ओके'. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की एक पूर्णविराम दिला तरी चालतं, आणि संस्थेतल्या बदलांची सगळी कारणमीमांसा एका टिंबावर येऊन थांबली. एका कर्मचाऱ्याने मात्र शेवटपर्यंत प्रामाणिकपणे 'साहेबांनी सांगितलं' असंच लिहिलं. त्याची पुढे वसुली विभागात बदली झाली. त्या बदलीच्या नोंदीतही कारणाच्या जागी टिंब आहे.

भाच्याने मग लिहायची भानगडच काढून टाकली. कारणांची तयार यादी केली, त्यातलं एक निवडायचं. यादी कुठून आणायची? त्याने नानांनाच विचारलं. नानांनी चाळीस वर्षांच्या अनुभवातून सगळी कारणं एका कागदावर क्रमवार लिहून दिली, जी सर्वात जास्त येतात ती आधी. वारस, खरेदी, बोजा, वाटणी, लेखनदोष असं करत कागद भरला. जमिनीच्या दप्तरात बदलाचं पहिलं कारण कोणतं असणार? नानांनी एक नंबरला लिहिलं होतं 'मयत'. भाच्याने थोडी काटछाट केली, पण क्रम तोच ठेवला.

तयार यादी समोर आली की माणूस काय करतो, हे आपण सगळे जाणतो. जे आधीच निवडलेलं असतं ते राहू देतो आणि पुढे जातो.

तिमाहीच्या सभेत चेअरमनसाहेबांनी एका सभासदाचा इतिहास उघडला. कर्जासाठी त्याचा अर्ज आला होता. पडद्यावर होतं : मोबाइल क्रमांक बदलला, कारण मयत. पत्ता बदलला, कारण मयत. ई-मेल आयडी नव्याने टाकला, कारण मयत. गेल्या महिन्यात बचत खात्यातून आवर्ती खातं सुरू केलं, कारण मयत. अर्जदार स्वतः बाहेर बाकावर बसला होता आणि त्याला मधूनमधून खोकलाही येत होता.

मंडळ पेचात पडलं. भाच्याला फोन गेला, त्याचा फोन लागेना. कोणीतरी सुचवलं की यादी ज्यांनी करून दिली त्यांनाच विचारू. नानांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली.

"कर्ज द्यायला माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त वारसांना नोटीस काढा आणि पंधरा दिवस थांबा."